वजडीचे पाच रविवार

माझ्या बायकोच्या एम.फिल.साठी आणलेलं पाणी मी तुरीच्या डाळीला वापरलं, इथून ही गोष्ट सुरू होते.

चूक तशी लहान होती. ती शिरूरहून यायची होती, नळ कोरडा होता, आणि आई मघापासून "डाळ टाका की कुणीतरी" असं म्हणत होती. आमच्या घरात कुणीतरी म्हणजे मी. ओट्याखाली पाच लिटरचा पांढरा कॅन दिसला, आतलं पाणी नितळ होतं. मी तीन पेले ओतले आणि कुकर लावला.

दौंडला आमच्या क्वार्टरमध्ये जे पाणी यायचं, त्यात डाळ शिजत नसे, नुसती गरम होत असे. सात शिट्ट्या द्या, खायचा सोडा टाका, दाणा न् दाणा आपला हट्ट धरून वेगळा. नळाच्या तोंडाला पांढरी दाढी, बादलीला आतून पांढरा पापुद्रा, आणि अंघोळीला साबण घासून हात दुखला तरी फेस नाही. त्या दिवशी मात्र तिसऱ्या शिट्टीलाच डाळीचं मेण झालं. आई पहिला घास घेऊन म्हणाली, "आज डाळ लोण्यावानी झालीया. रोज का न्हाई व्हत अशी?" मी जरा ताठ बसलो.

बायको तेवढ्यात आली होती. हातपाय धुऊन ती पानावर बसली, डाळीकडे पाहिलं, आणि भात कालवायच्या आधी विचारलं, "पाणी कुठलं घेतलंत?"

मी ओट्याखाली बोट दाखवलं. ती पानावरून उठली आणि कॅन हलवून किती उरलंय ते बघून आली.

यात मला सुटायला जागा नव्हती, कारण तो कॅन मीच आणला होता. मी रेल्वेत, डब्यांच्या दिव्यापंख्यांच्या बॅटऱ्या सांभाळायच्या कामावर. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे काय, त्यात साधं पाणी पडलं की बॅटरीची काय वाट लागते, यावर मी नव्या माणसांना अर्धा तास सुनावत असे. बॅटरीच्या दुकानातून चांगल्यातलं पाणी मीच पारखून आणलं होतं. घरात त्या पाण्याची किंमत कळणारा मी एकटा, आणि मीच त्यात हळद घातली.

रात्रीची भांडी आवरताना तिनं मला डाळीचं शास्त्र सांगितलं. आपल्या पाण्यात कॅल्शियम फार. डाळीच्या दाण्यात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ असतो, तो कॅल्शियमनं आणखी घट्ट होतो, म्हणून दाणा फुटत नाही. पाण्यात कॅल्शियम नसलं की सुटतो. मी म्हणालो, म्हणजे तुझा प्रयोग माझ्या कुकरनंच करून टाकला की. त्यावर ती म्हणाली की तिचा प्रयोग प्राण्याच्या पेशींचा आहे, तिथं डिंक नसतो, आणि मी कृपा करून कशातच मदत करू नये. ही शेवटची सूचना मी पाळली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिला माणूस हवा होता आणि दुसरा कुणी मोकळा नव्हता.

ती शिरूरच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सात वर्षं शिकवत होती, पण नोकरी एका वर्षाच्या कागदावर. जूनमध्ये कागद मिळायचा, एप्रिलमध्ये संपायचा, आणि मधला दीड महिना घरात त्या विषयावर बोलायची बंदी असायची. त्या वर्षी जागा कायम होणार असं कळलं. अट एकच, मेअखेरीला एम.फिल.चा प्रबंध विद्यापीठात जमा झालेला पाहिजे. नाही झाला तर जागा दुसऱ्या कुणाची, आणि दुसरे कुणी तयारच होते. प्रबंधाचं बाकी सगळं लिहून झालं होतं. राहिला होता फक्त हा एक प्रयोग, आणि हातात होते उन्हाळ्यातले पाच रविवार. रविवारच का, तर इतर दिवशी प्रयोगशाळेत मुलांच्या परीक्षा. शिवाय प्रयोगाला ताजं शेळीचं आतडं लागायचं, आणि रविवारी सकाळी खाटकाकडे हमखास मिळायचं.

प्रयोग तिनं मला एसटीत समजावला. चौफुल्यावरून न्हावऱ्याला वळणारी पहिली गाडी, माझ्या मांडीवर पाण्याचा कॅन, पायात दोन थर्मास, आणि मागच्या बाकावरचे एक आप्पा कान देऊन ऐकत होते. आतड्याला आतून पेशींचं अस्तर असतं. फरशीसारख्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या. प्रत्येकीच्या अंगावर प्रथिनांचे बारीक हात असतात आणि त्या हातांनी त्या एकमेकींना धरून असतात. पण ते हात ताठ राहतात ते आजूबाजूच्या पाण्यात कॅल्शियम असेल तोवरच. कॅल्शियम काढून घेतलं की हात लुळे पडतात, पकड सुटते, पेशी एकेक करून मोकळ्या होतात.

"म्हंजी माणूस मोकळा व्हतो का काय, कॅल्शम गेल्यावर?" आप्पांनी विचारलं.

इतकं अंगातून जात नाही, असं बायकोनं त्यांना सांगितलं. तरी ते न्हावऱ्याला उतरताना दूध जास्त प्यायला पाहिजे असं काहीतरी पुटपुटत गेले.

करायचं होतं ते असं. काचेचे दोन चंबू. पहिल्यात शरीरात असतं तसं मिठाचं पाणी, कॅल्शियमसकट. दुसऱ्यात तेच पाणी, पण कॅल्शियम वगळून. शिवाय दुसऱ्यात एक चिमूट पांढरी पूड, रसायनशास्त्राच्या विभागातून मागून आणलेली, जी चुकूनमाकून राहिलेलं कॅल्शियम पकडून ठेवते. दोन्हीत आतड्याचा सारखा तुकडा उघडून टाकायचा, चंबू घमेल्यातल्या कोमट पाण्यात ठेवायचे, आणि दर पाच मिनिटांनी हळूच हलवायचे. अर्ध्या तासानं पहिल्यातलं पाणी स्वच्छ राहायला पाहिजे, आणि दुसऱ्यातलं गढूळ व्हायला पाहिजे, कारण पेशी सुटून पाण्यात आलेल्या असणार. मग त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन पेशी मोजायच्या. पाटीवर लिहिलं तर चार ओळींचं काम.

माझ्या वाट्याला तीन कामं आली. वजडी, म्हणजे ते आतडं, आणणं, घमेल्यात थर्मासमधलं गरम पाणी घालत राहणं, आणि चंबू हलवणं. चंबूंची रबरी बुचं तडकली होती. मामा, म्हणजे तिथले प्रयोगशाळेचे शिपाई, नवीन बुचं येणार येणार म्हणून दोन वर्षं सांगत होते. म्हणून मी चंबूच्या तोंडावर अंगठा दाबून तो उलटासुलटा करायचो. पहिल्यांदा पूड विरघळवताना आणि नंतर दर पाच मिनिटांनी. आधी पहिला, मग दुसरा. काम हलक्या हाताचं होतं आणि माझा हात हलका, हे बायकोनंच कबूल केलं.

पहिल्या रविवारी मी खाटकाकडे गेलो. त्याला सांगितलं, हातभर आतडं, पोटाला लागून असतं ते, आत्ता कापलेल्या शेळीचं, न धुता, न पिळता, या डब्यात. त्यानं सुरी खाली ठेवली.

"वजडी पायजे म्हणा की सायेब. साफ करून देतो."

"साफ करायची नाही."

"घाण असतीया त्यात."

"असू द्या."

त्यानं मला घरात काहीतरी अडचण असलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि दिलं.

अर्ध्या तासानं दोन्ही चंबू सारखे. पहिल्यातलं पाणी स्वच्छ, दुसऱ्यातलंही स्वच्छ. तासानंही तेच. बायकोनं थेंब घेतला, बघितला, पुन्हा घेतला. पेशी एकमेकींना अशा धरून बसल्या होत्या की जणू त्यांच्या जागेवर कुणी दुसऱ्या येणार होत्या. येताना एसटीत तिनं मला एकच विचारलं, पाणी नक्की चांगलं होतं ना. माझा अपमान झाला. दुसऱ्या दिवशी मी त्याच कॅनमधलं पाणी कामावर तपासून घेतलं, आमच्या साहेबांना दाखवलं, आणि घरी येऊन जाहीर केलं की या पाण्यात कॅल्शियम औषधालाही नाही. आई म्हणाली, मग डाळीला थोडं द्या.

आठवडाभर आम्ही दोघं संशय घेत हिंडलो. तिनं मिठाची बाटली बदलली, चंबू आम्लानं धुतले. मीच मग डोकं चालवलं. म्हणालो, खाटीक वजडी साफ करताना चुना लावतात, आणि चुना म्हणजे शुद्ध कॅल्शियम. त्याच्या पाटावर, हातावर, सुरीवर, सगळीकडे तो असणार. तिला पटलं. इतक्या वर्षांत माझं बोलणं तिला पहिल्या फटक्यात पटल्याचा तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या रविवारी मी खाटकाला चांगलाच धारेवर धरला. दुकानापुढे उभा राहिलो, सवयीनं डबी काढली, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, नखभर चुना घेतला, आणि अंगठ्यानं मळता मळता त्याला सांगितलं की तुमच्या चुन्यापायी एका बाईचं वर्ष जायची वेळ आली आहे. शास्त्राच्या कामात असं चालत नसतं. एक कण गेला तरी सगळं बिघडतं.

तो शांतपणे ऐकत होता. "पण सायेब, वजडी मी अजून धुतलीच न्हाई. तुमीच म्हणला नका धुऊ. चुना लागंल कुठनं?"

मी म्हणालो, हाताला असेल.

त्यानं दोन्ही हात धुतले, मला दाखवले, आणि नव्या सुरीनं नव्या पाटावर आतडं कापून दिलं. मग डबा हातात देताना म्हणाला, "चुना जास्त हाय का? माझा संपलाय." मी त्याला माझ्या डबीतला दिला. दोघांनी तंबाखू मळली, आणि समेट झाला.

त्या रविवारीही दोन्ही चंबू स्वच्छ. प्रयोगशाळेत तंबाखू खायची नाही हा तिचा नियम मी काटेकोर पाळत होतो. दर दहा मिनिटांनी बाहेर व्हरांड्यात जायचो, मळायचो, तोंडात टाकायचो, हात पँटला पुसायचो आणि परत येऊन चंबू हलवायचो. इतकं करूनही पेशी सुटत नाहीत म्हणून माझाच जीव मेटाकुटीला आला होता. बायकोला मी म्हणालो की कदाचित शिरूरच्या शेळ्याच घट्ट असतील. तिनं पेन खाली ठेवलं आणि चंबू धुवायला घेतले.

सोमवारी ती पुण्याला तिच्या सरांकडे गेली. सरांनी वही चाळली, प्रयोग पुन्हा करा म्हणाले. तिनं विचारलं, काय बदलू. सर म्हणाले, काही बदलू नका, पुन्हा करा. असे हे मार्गदर्शक. माणसानं दौंडहून पुण्याला जायचं, दोन तास व्हरांड्यात बसायचं, आणि हे ऐकून परत यायचं.  आईनं शेजारणीला सांगितलं की सूनबाईचं एम.फिल. पोटात अडकलंय. मला वाटतं, तिला आतड्यात म्हणायचं होतं.

तिसऱ्या रविवारी माझी सुट्टी रद्द झाली. यार्डात जादा डबे आले होते. वजडी सोडून बाकी सगळं उचलून बायको एकटीच गेली. वजडी तिनं जाता जाता स्वतःच घेतली. दुपारी मी डब्याखाली वाकून पाणी भरत होतो, आणि मनात हिशेब चालला होता की हाही रविवार गेला तर उरले दोन.

संध्याकाळी ती घरी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"दुसरा चंबू गढूळ झाला. वीस मिनिटांत. पेशी सुटल्या."

मला इतका आनंद झाला की मी घरातच पायात चप्पल सरकवली. म्हणालो, पेढे आणतो. ती म्हणाली, आणू नका. मग मोरीत जाऊन थर्मास असे धुतले की मला वाटलं काच फुटणार. आईनं मला खुणेनं विचारलं काय झालं, मी खांदे उडवले. काम जमल्यावरही चिडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी चिडून बाहेर जाऊन बसलो.

सर मात्र या खेपेला बोलले. म्हणाले, दोनदा नाही आणि एकदा हो, यातलं खरं कोणतं? दोनदा का नाही झालं, हे सांगता आलं तरच तिसरं खरं. शिवाय अजून दोनदा करून दाखवा. मी तिला सुचवलं की पहिले दोन रविवार वहीतून काढून टाक, कुणाला कळतंय. ती म्हणाली, मला कळतंय. तिच्या तोंडाकडे बघून मी सल्ला मागे घेतला.

चौथ्या रविवारी एसटीतून उतरल्यावर तिनं सांगितलं की आज तिनं काही करायचं नाही. सगळं मीच करायचं, पहिल्या दोन रविवारी जसं केलं अगदी तसंच, कमी नाही जास्त नाही. ती फक्त बसणार आणि लिहिणार. खरं सांगतो, मला मान वाटला. म्हटलं, इतक्या दिवसांनी का होईना, माझ्या हलक्या हाताची किंमत कळली. मी खाटकाकडे गेलो, ती मागे. मी प्रयोगशाळा उघडली, ती मागे. मी पाणी मोजलं, पूड टाकली, ती चार पावलांवर उभी राहून वहीत काहीतरी टिपत होती. ती वही आजही आमच्याकडे आहे. तिच्यात असं लिहिलं आहे: एसटीतून उतरले, तंबाखू. खाटकाकडे, तंबाखू. कुलूप उघडलं, तंबाखू. पूड टाकली, दुसरा चंबू अंगठ्यानं बंद केला. इथं ओळ थांबली आहे.

"तो खाली ठेवा," ती म्हणाली.

मी चंबू खाली ठेवला.

"अंगठा दाखवा."

मी डावा दाखवला.

"उजवा."

उजव्या अंगठ्याच्या पेरावर, नखाच्या कडेला, पांढरट थर होता. तो तिथं गेली वीस वर्षं असेल. मी रोज बघतो, म्हणून मला दिसत नव्हता.

"हे काय आहे?"

"चुना."

"चुना म्हणजे काय?" तिनं विचारलं, पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारावं तसं.

 खाटकाला दुकानापुढे जे भाषण दिलं होतं ते शब्दन् शब्द आठवत होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिनं समजावलं, आणि तेच मला जास्त लागलं. ती पूड ठरावीक कॅल्शियम धरू शकते, तेवढं धरून तिचे हात भरले की उरलेलं पाण्यात मोकळं. मी दर पाच मिनिटांनी ताजा चुना पाजत होतो. पहिल्या चंबूत कॅल्शियम होतंच, त्याला काही फरक पडला नाही. दुसऱ्यात नसायला हवं होतं, ते मी माझ्या हातानं नेऊन घालत होतो, आणि पेशी बिचाऱ्या ते घेऊन एकमेकींना घट्ट धरून बसत होत्या. म्हणजे प्रयोग तिचा बरोबरच होता. त्या दोन रविवारी दोन्ही चंबू खरंच एकसारखे होते.

मी म्हणालो, मी जातो, व्हरांड्यात बसतो. ती म्हणाली, कुठं जाता, हात साबणानं धुवा आणि या. मग तिनं चंबू पुन्हा भरले, आणि तिसरा काढला. पहिल्यात कॅल्शियम, दुसऱ्यात नाही. तिसरा दुसऱ्यासारखाच, फक्त त्यात तिनं माझ्या डबीतला चुना काडीच्या टोकावर घेऊन टाकला, आणि तो तराजूवर तोलून वहीत लिहिला. माझी डबी अशी शास्त्राच्या टेबलावर उघडी पडलेली बघून मला कसंतरी झालं. तिन्ही चंबू तिनं स्वतः हलवले, प्रत्येकाच्या तोंडावर आधी प्लास्टिकचा कागद, वर रबर. हे मला आधी का सुचलं नाही, आणि तिलाही का सुचलं नाही, हा प्रश्न मी विचारला नाही.

वीस मिनिटांत मधला गढूळला. दूध पाण्यात पडावं तसं आधी तळाशी, मग वर. कडेचे दोन्ही स्वच्छ. तिनं मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. गोल गोल, सुट्या, कुणी कुणाला धरलेलं नाही अशा पेशी पाण्यात हलत होत्या. मग तिसऱ्यातला थेंब. तिथं जवळजवळ काही नाही. मला उगीचच वाटलं की सुट्या पेशी केविलवाण्या दिसतात, पण हे तिला सांगितलं नाही, कारण तिला त्याच हव्या होत्या.

पाचव्या रविवारी पुन्हा तसंच झालं. मी गेलो, पण मला खुर्चीवर बसवलं होतं आणि हात मांडीवर ठेवायला सांगितलं होतं. प्रबंध मेअखेरीच्या दोन दिवस आधी जमा झाला. त्यात पहिले दोन रविवार आहेत, आणि त्यांच्याखाली अर्धं पान चुन्यावर आहे.

तोंडी परीक्षा जूनमध्ये झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसलो. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, कान जरा जड. त्यांनी चाळत चाळत नेमकं ते पान उघडलं आणि विचारलं, पहिल्या दोन वेळी दूषण कुठून आलं?

बायको म्हणाली, "सर, माझे मिस्टर तंबाखू खातात."

सभागृहात हशा पिकला. तिचे सर, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, तेही हसले. परीक्षकांनी विचारलं, आलेत का ते? मला उभं राहावं लागलं. सत्तर-ऐंशी माणसं मान वळवून माझ्या अंगठ्याकडे बघत होती. मी हात मागे घेतला.

"चुना कोरडा वापरता की ओला?" परीक्षकांनी विचारलं. ते अजिबात हसत नव्हते.

"ओला, सर."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग मला बसायची खूण केली आणि बायकोला म्हणाले की दोन फसलेले प्रयोग न लपवता मांडले, त्यामुळे बाकीच्यांवर आपला विश्वास बसला. पुढचे प्रश्न इंग्रजीत झाले, आणि टाळ्या वाजल्यावर मला कळलं की झालं. महिनाअखेरीला मुलाखत झाली आणि ती कायम झाली, हे इथंच सांगून टाकतो, कारण त्या संध्याकाळी आम्हाला ते माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही पुणे-दौंड शटलमध्ये समोरासमोर बसलो होतो आणि मी फुगलेलो होतो. लोणी गेलं, उरुळी गेली, मी खिडकीबाहेर बघत होतो. ती खारे शेंगदाणे सोलून एकेक माझ्यापुढे धरत होती आणि मी ते न बघता खात होतो. यवतच्या जवळ मला राहवलं नाही. म्हणालो, सगळ्या पुण्यासमोर माझी डबी उघडलीस, ते ठीक. पण एक मला कळलेलं नाही. अंगठा सापडला त्या दिवशी तू मला एक शब्द बोलली नाहीस. आणि ज्या रविवारी तुझं काम जमलं, त्या दिवशी घरी येऊन थर्मास आपटलेस. रागवायचं होतं तेव्हा रागावली नाहीस, आणि आनंदाच्या दिवशी आमच्यावर राग.

ती दाणे सोलत राहिली. गाडी यवतला थांबली, दोघं-तिघं चढले, गाडी निघाली.

"तुमच्यावर नव्हता," ती म्हणाली. "चंबू गढूळ झाला, मी थेंब घेतला, बघितलं तर सगळ्या पेशी सुट्या. तीन आठवडे ज्याची वाट बघितली ते समोर. आणि मी मागं वळून मोठ्यानं म्हणाले, अहो, बघा. तर मागं कुणीच नव्हतं."